घडीमामांच्या पायांवरचे ठिपके

घडीमामांच्या नडग्यांवर लालजांभळे ठिपके उठले, तेव्हा आमच्या लाँड्रीत जो तो डॉक्टर झाला. मामा म्हणजे आमचे इस्त्रीवाले. तीस वर्षं एकाच टेबलाशी उभे. धुणाऱ्याने खळीवर खापर फोडलं, कपड्यांना चिठ्ठ्या लावणारी मी, मी साबणावर. मालकांनी दोन्ही बदललं. ठिपके हटेनात. मग सगळे मामांचा कप वेगळा ठेवू लागले. त्यात मीही होते, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू!

शेवटी मीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी ठिपक्यावर काच दाबून पाहिली. तो फिका पडला नाही.

"त्वचेतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलीये," त्या म्हणाल्या. "त्यातून रक्त झिरपतं. उभं राहून पायांत जास्त. याची लागण कुणाला होत नाही."

मी खाली बघितलं.

कारणं म्हणे बरीच असतात: नुकताच झालेला जंतुसंसर्ग, एखादं औषध, क्वचित आतला दुसरा आजार. कधी कारण सापडतच नाही. बाईंनी कातडीचा कणभर तुकडा तपासायला घेतला, रक्त घेतलं, मूत्रपिंडं ठीक आहेत ना म्हणून लघवीही तपासायला सांगितली.

"इतक्यात काही औषध घेतलंत?"

"छे, मला कुठे काय होतंय?"

"मग तूर्त काम बंद. घरी पाय उशीवर ठेवून पडून राहा. हे थांबलं नाही, तर उभ्याचं काम कायमचं सोडावं लागेल."

मामांचा चेहरा पडला. मामी जाऊन तीन महिने झाले होते. मूलबाळ नाही. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारे आम्हीच, तेही वाफेतून ओरडून.

"घरी नको गं," ते जिन्यात म्हणाले. "टेबलाशी स्टूल टाकून बसतो की."

मी त्यांना दटावून घरी धाडलं. फार शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं होतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मूत्रपिंडं शाबूत होती, पण पायांवर नवे ठिपके. मामांचं जेवण नुकतंच झालं होतं. त्यांनी हात धुतले, फळीवरच्या डब्यातून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

"ही कसली?"

"ही होय? तिची. गुडघेदुखीची."

"बाईंनी औषधाचं विचारलं होतं ना तुम्हाला?"

"माझ्या औषधाचं विचारलं होतं. ही तिची."

माझं डोकंच फिरलं. "कधीपासून घेताय?"

"दीडेक महिना. कपाट आवरताना डबा सापडला."

मी तिथूनच बाईंना फोन लावला. बहुतेक हीच गोळी, त्या म्हणाल्या. आजच बंद करा, पुन्हा कधी घेऊ नका. काही आठवड्यांत डाग विरतील, मग कामावरही जाता येईल. मी डबा उचलून पिशवीत टाकला. मामांनी अडवलं नाही, नुसते पिशवीकडे बघत राहिले.

"गुडघे तरी दुखतात का तुमचे?"

"नाही."

"मग कशाला घेत होतात हो?"

मामांनी पाण्याचा पेला विसळून पुसला.

"जेवण झालं की मी तिला विचारायचो, गोळी घेतलीस का? एकोणीस वर्षं. अजूनही तोंडून निघतंच." त्यांनी धुतलेला पेला पुन्हा पुसला. "विचारलं की कुणीतरी घ्यायला हवी ना."