मी न दिलेला सल्ला

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबातली मुलगी मुंबईच्या मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकली ती माझ्यामुळे, असं सिल्वासाच्या डोकमर्डी भागात आमच्या ओळखीचे लोक मानतात. तिचे वडील हे प्रत्येकाला सांगतात. भाजीच्या गाडीपाशी उभे असले तरी सांगतात. मी शेजारी असलो तर माझ्याकडे हात करून सांगतात आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. काय घडलं ते मी आता लिहून ठेवतो आहे, कारण बोलून पाहिलं आणि त्याचा उपयोग झाला नाही.

मी मूळचा नाशिकचा. धाग्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज म्हणून सिल्वासाला आलो आणि इथेच निवृत्त झालो. मुलीचे वडील माझ्या शिफ्टमध्ये मशीनवर होते. धुळ्याकडचे. आले तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. तुटलेला धागा चालत्या मशीनवर कसा ओवायचा हे मी त्यांना शिकवलं. पुढे आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरची जागा रिकामी झाली, तीही मीच सुचवली. ते मला अजून साहेब म्हणतात आणि मी त्यांना अरे-तुरे करतो. हे सांगायचं कारण एवढंच, की मी वर आणि ते खाली, याची मला सवय होती. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून नव्हे.

त्यांची मुलगी आणि माझी नात एकाच वर्गात. मेडिकलची प्रवेश परीक्षा दोघींनी बरोबर दिली. अभ्यास आमच्या घरी चालायचा, कारण मुलीची आई शिवणकाम करते आणि खाली दिवसभर मशीनची घरघर. नातीच्या टेबलाला आम्ही दुसरी खुर्ची लावून दिली होती. दुपारचा चहा दोघींना मीच करून द्यायचो. निकाल लागला तेव्हा नातीचे गुण असे होते, की यादीत तिचं नाव शोधायचाही प्रश्न नव्हता. खालच्या मुलीला जागा मिळाली. तेवढं मी कसंबसं गिळलं असतं. पण तिला दोन मिळाल्या.

पहिली इथल्याच मेडिकल कॉलेजात, आपल्या प्रदेशातल्या मुलांसाठी ठेवलेल्या जागांपैकी. मागून देशभरच्या यादीत मुंबईची. एकीकडे हजर झालं की दुसरीकडची सोडावी लागणार होती.

दोन. तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरात एक नाही आणि त्यांच्याकडे एक जास्तीची, जी ती पोटभर जेवून ताटात टाकावी तशी टाकून उठणार. तिने सोडलेली जागा माझ्या नातीला मिळणार नाही, हे मला कळत होतं. तरी वाटायचं, आमच्या वाट्याचं कुणीतरी उचलून नेलं आहे. आमच्या टेबलावर बसून, आमच्या पंख्याखाली, माझ्या हातचा चहा पिऊन.

नातीच्या मनात यातलं काही नव्हतं. ती रडली, मग डोळे धुऊन खाली गेली आणि मैत्रिणीबरोबर पेढे वाटत बिल्डिंगभर फिरली. मला तिचाही राग आला. किराणावाल्याने मला विचारलं, "दादा, तमारी छोकरीए पण परीक्षा आपेली ने?" आमचीनेही दिली होती ना, एवढंच त्याने साधेपणाने विचारलं होतं. त्यानंतर बरेच दिवस मी किराणा दुसऱ्या गल्लीतून आणला.

कुठे हजर व्हायचं हे ठरवायची वेळ आली त्या सकाळी मुलीचे वडील रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आले. हातात डब्याची पिशवी, केसांत धाग्याचे तुसे. खुर्चीच्या कडेवर बसले. बायको म्हणते पोरगी इथंच शिकू दे, घरचं खाईल, नजरेसमोर राहील. नातेवाईक फोनवर म्हणतात मुंबई सोडू नका. पोरगी काही बोलत नाही. असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "माले काही समजत नही साहेब. तुम्ही सांगशात तेच करसू." फार दमले की ते त्यांच्या अहिराणीवर जायचे.

मी विचार करायला वेळ घेतला. त्यांना वाटलं असेल, साहेब पोरीचं भलं कशात आहे ते बघताहेत. मी माझं बघत होतो. ती इथे राहिली तर रोज सकाळी पांढरा कोट हातावर टाकून माझ्या खिडकीखालून जाणार. ते डोळ्यांना खुपलं असतं. पण इथल्या कॉलेजला मला नावं ठेवता आली असती: नवं आहे, आपल्या गावातलंच आहे, त्यात काय एवढं. मुंबईच्या कॉलेजला मी काय नाव ठेवणार होतो? ते नाव मी माझ्या नातीसाठी मनात किती वेळा उच्चारून पाहिलं होतं. दोन कॉलेजांतून एक निवडायचं होतं त्यांना. मी दोन जळफळाटांतून त्यातल्या त्यात सोसेल असा एक निवडला. तिने इथेच राहावं.

पण हे सरळ सांगायची हिंमत झाली नाही. मी तोलूनमापून बोलत राहिलो. मुंबईला रुग्ण जास्त, अनुभव जास्त, हे सांगितलं. इथेही खानवेलकडून, पार दुधनीपासून माणसं दवाखान्यात येतात, त्यांची बोली हिला कळते, हेही सांगितलं. एका पारड्यात घातलं तेवढंच दुसऱ्यात. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मग साहेब, मुंबईचं काय करू?"

"जाऊ दे," मी म्हणालो.

ते उठले आणि एकदम माझ्या पाया पडले. इतक्या वर्षांत कधी पडले नव्हते. मग पिशवी उचलून भराभरा खाली गेले. एक काम हातावेगळं झालं म्हणून मी स्वतःसाठी पुन्हा चहा टाकला आणि खिडकीशी बसून चवीने प्यालो.

संध्याकाळी नात खालून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "आजोबा, ती मुंबईला चालली. तुम्हीच सांगितलंत म्हणे. काका वापी स्टेशनला जाऊन तिकिटं पण काढून आले."

काय झालं ते मला हळूहळू उमगलं. कारखान्यात एखाद्या मालाबद्दल शंका आली, रंग किंचित फिका वाटला, तर हे मला विचारायचे, साहेब, याचं काय करू. माल नापास करायचा असेल तर मी म्हणायचो, बाजूला काढ. चालण्यासारखा असेल तर म्हणायचो, जाऊ दे. म्हणजे पॅकिंगला पाठव. माझ्या तोंडचा तो शब्द त्यांनी उभी नोकरी त्या एकाच अर्थाने ऐकला होता. मी मात्र त्या सकाळी घरातल्यासारखा बोललो होतो. जाऊ दे म्हणजे सोडून दे, मुंबईचा नाद सोड.

मी लगेच खाली उतरलो. चूक दुरुस्त करायला गेलो होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी तिला अडवायला गेलो होतो. अजून वेळ होता, तिकिटं रद्द झाली असती.

दार उघडंच होतं. मुलीची आई मशीनवर पांढरा कोट शिवत होती. डोळे सुजलेले. मला पाहून तिने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "बाबा, मी तर हिला सोडणार नव्हते. पण तुमच्या घरात एवढं दुःख असून तुम्ही आमच्या पोरीचं चांगलं बघितलं. मग मी कोण आडवी येणार?"

माझं बोलणं ओठांपर्यंत आलेलं होतं, ते तिथेच राहिलं. गेले कित्येक दिवस मी आतून करपत होतो आणि इथे मला कुणी मोठ्या मनाचा म्हणत होतं. ते फार गोड लागलं. मी बसलो. पेढा खाल्ला. मुंबईला डास फार असतात, मच्छरदाणी बरोबर द्या, असं सांगून वर आलो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्या पाया पडली नाही. आत्ताच शेफारली, असं मी मनात म्हणालो.

पुढची वर्षं मी फुकटचं श्रेय आणि खराखुरा हेवा दोन्ही सांभाळत काढली. लोक बारावी झालेल्या मुलांना घेऊन माझ्याकडे येऊ लागले. काका, हे घेऊ की ते घेऊ. मीही पायावर पाय टाकून सांगू लागलो. नातीने इथेच फार्मसी केली, औषधांच्या एका कारखान्यात तपासणीच्या विभागात लागली, मजेत होती. मला मात्र ती घरी आली की खालचीच आठवायची. मैत्रिणीची परीक्षा कशी गेली, मी सहज विचारल्यासारखं विचारायचो आणि उत्तराची वाट बघायचो. एकदा नात म्हणाली, ती एका विषयात राहिली, फार रडत होती फोनवर. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं. हे वगळलं तर बाकीच्या लिहिण्यात काही राम नाही. पुढच्या खेपेला ती त्या विषयात पास झाली.

यंदा श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसली. खानदेशातली माणसं इथे कारखान्यांत राबतात, पण कानबाईला सुट्टी मिळवतातच. नारळाला नथ आणि डोळे लावून देवी मांडतात, तिच्यासाठी गव्हाच्या पिठाचे रोट करतात. पुरणपोळी, खीर कुणालाही वाढतील, पण रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला त्याचा घास देत नाहीत. मी इतकी वर्षं आरतीला जाऊन पुरणपोळी खाऊन आलो आहे. यंदा आरतीनंतर मुलीच्या वडिलांनी मला घरच्या पुरुषांच्या पंगतीत बसवलं आणि म्हणाले, "आजपासून साहेब आमच्या भावकीत." मुलगी आता डॉक्टर होऊन इंटर्नशिप करते, ती सुट्टी काढून आली होती आणि वाढत होती.

रोट माझ्या पानाकडे यायला लागला तसा मला घाम फुटला. पेढा खाल्ला होता, तो कुणालाही देतात. हे वेगळं होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "ऐक. त्या दिवशी मी मुंबई सोडून दे म्हणालो होतो. मला हेवा वाटत होता तुझा. तू उलटं समजलास."

 ते हसले आणि आपल्या थोरल्या चुलतभावाकडे वळून म्हणाले, "ऐकलं का दादा? याला म्हणतात माणूस. नावसुद्धा स्वतःकडे घेणार नाही."

"अरे, मी खरं सांगतोय."

"साहेब, तुमच्या हाताखाली मी सगळी नोकरी काढली. तुम्ही जाऊ दे म्हणालात आणि माल परत आला, असं एकदा तरी झालं का?"

पंगत हसली. चुलतभाऊ म्हणाले, साहेबांना आग्रह लागतो वाटतं. मुलीच्या वडिलांनी रोट मोडून माझ्या हातात दिला. सगळे थांबले होते, माझ्याशिवाय पंगत सुरू होत नव्हती. मी खाल्ला.

निघताना मुलगी मला वर सोडायला आली. माझे गुडघे आता जिन्याला कुरकुरतात, म्हणून तिने हात धरला होता. पहिल्या मजल्यावर मी दम खायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मघाशी बोललात ते खरं होतं ना?"

"हो."

"मला वाटलंच. थट्टेत असा घाम येत नाही." मग म्हणाली, "मला इथेच राहायचं होतं."

कुणी विचारलं नव्हतं का तुला, मी विचारलं. तिने सांगितलं, रात्रभर आईशी बोलून तिने स्वतःशी ठरवलं होतं, पप्पा शिफ्टवरून आले की सांगायचं. पप्पा शिफ्टवरून माझ्याकडे आले आणि माझ्याकडून घरी. साहेब म्हणाले म्हटल्यावर त्यांच्या घरात पुढे बोलणं नसतं. कितीतरी दिवस ती माझ्यावर चिडून होती. आता चीड नाही, मुंबईत ती रुळली, बरंच शिकली, हेही तिने सांगितलं.

"पण पहिलं वर्ष फार वाईट गेलं," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी फोन लावला की तुमची नात तिथे. आईजवळ बसून फॉल लावायला शिकतेय. आईच्या हातची भाकरी खातेय. मागे मशीनचा आवाज. मला इतकं जळायला व्हायचं आजोबा, की मी रेंज नाही म्हणून फोन ठेवून द्यायचे."

"माझ्या नातीचा हेवा? तुला?"

"मग काय. तिला सगळं मिळालं होतं."

मी तिचं सांत्वन करायला हवं होतं. वयाने मोठा, तिच्या घराचा नुकताच भाऊबंद झालेला. निदान माफी तरी मागायला हवी होती. मी पुन्हा विचारलं, खरंच हेवा वाटायचा? ती हसून म्हणाली, खरंच, अजूनही कधी कधी वाटतो.

मला फार बरं वाटलं. इतकं, की उरलेले दोन मजले मी तिचा हात सोडून चढलो.