सुमनने न पाहिलेलं कोल्हापूर

आमच्या इमारतीखाली बस उभी राहिली तेव्हा अजून उजाडायचं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक गळ्यात शिट्टी अडकवून एकेकाला आत बसवत होते. माझी बायको सुमन चढली, खिडकीजवळची जागा धरली, शालीचं टोक काच आणि गाल यांच्या मध्ये दाबलं आणि डोळे मिटले. कात्रजचा घाट यायच्या आत तिला झोप लागली होती.

ही नव्वदच्या दशकातल्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. आमची सोसायटी सहलींची भारी हौशी. गच्चीवर कोजागिरी, श्रावणात वनभोजन आणि थंडीत एक मोठी सहल. आम्ही दोघं मात्र यातल्या कशालाच जोडीने गेलो नव्हतो. माझी आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. मी नोकरीत होतो तोवर तिचं सगळं सुमननेच केलं. निवृत्त झाल्यावर मी हाताखाली आलो, पण आईला सुमनच लागायची. त्या वर्षी भाद्रपदात आई गेली. हॉलमधली तिची कॉट काढल्यावर खोली इतकी मोठी दिसायला लागली की आम्ही दोघं तिथे बसायचंच टाळायचो.

माघ लागला तसे कर्णिक स्वतः घरी आले. म्हणाले, "आता काय अडचण आहे? कोल्हापूरला चाललोय. अंबाबाई, रंकाळा, रविवारी जोतिबा. सोमवारची सुट्टी आहे, सकाळी निघून परत."

अडचण नव्हती. त्याच आठवड्यात बंगलोरहून मुलाचा, नितीनचा फोन आला होता. सुनेला चैत्रात दिवस भरत होते. त्याने आमची गाडीची तिकिटंही काढून ठेवली होती, सहलीहून आल्यावर पुढच्याच आठवड्याची. "आई आली की मला काही बघायला नको," तो म्हणाला. सुमन फोनवर "बघू" म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. नंतर मी विचारलं तेव्हाही "बघू" म्हणाली. मला वाटलं, तयारीचं बघू म्हणत असेल.

खंबाटकीच्या घाटात गाण्याच्या भेंड्या रंगात आल्या. साताऱ्याला चहासाठी सगळे उतरले, सुमन उतरली नाही. कऱ्हाडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला. उसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या मागे आमची बस रांगायला लागली आणि खिडकीतून गुळाचा करपट गोड वास आत आला. पंचगंगेचा पूल ओलांडताना सगळ्यांनी हात जोडले. मी सुमनचा हात हलवला. तिने डोळे किलकिले केले, "आलं का?" विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा मान टेकवली.

आमचा लॉज शाहूपुरीत होता. खाली दुकानं, वर खोल्या. गल्ल्यावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सगळे त्यांना अक्का (कानडीत थोरली बहीण) म्हणत. गडहिंग्लजकडच्या. फोनवर कुणाशी तरी कानडीत तावातावाने बोलत होत्या. रिसीव्हर ठेवला आणि त्याच आवाजात आमच्याकडे वळल्या.

"गरम पानी सकाळीच मिळंल. चादर एकच. दुसरी मागू नगासा, न्हाय मिळायची."

जेवायला कर्णिकांनी जवळचीच एक खानावळ धरली होती. शनिवार पाळणाऱ्यांनी अख्ख्या मसुराची आमटी घेतली; बाकीच्यांपुढे ताटं आली. सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा (नारळाच्या दुधातला, मिऱ्यांचा झणका असलेला) आणि ज्वारीची भाकरी. तांबडा रस्सा दिसतो तेवढा जाळत नाही. पांढरा मात्र गरीब दिसतो आणि घशातून उतरताना पाणी काढतो. वाढपी हातात बादली घेऊन फिरत होता. मी वाटीवर हात धरला तर म्हणाला, "घ्या की पावणं, रश्श्याला कशाला लाजताय?" आणि माझ्या बोटांवरच ओतेल अशी पळी पुढे आणली. इतक्या वर्षांनी मी बाहेर निवांत जेवत होतो. शेजारी पाहिलं तर सुमनचा हात भाकरीवर तसाच, आणि डोळे मिटलेले. कर्णिकवहिनींनी समोरून माझ्याकडे पाहिलं. मी सुमनला कोपराने ढोसलं. ती दचकून उठली आणि म्हणाली, "आले, आले हं."

आईने वाटीवर चमचा वाजवला की ती असंच म्हणत असे. आपण कुठे आहोत हे कळल्यावर ती ओशाळली आणि भराभर जेवायला लागली.

अंबाबाईच्या देवळात त्या दिवशी रांग लांब होती. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. माझं दर्शन आधी झालं. काळ्या दगडाच्या त्या गार सावलीत, तुपाच्या आणि फुलांच्या वासात, मला देवीकडे काही मागायचं सुचलं नाही. हात जोडले आणि बाहेर आलो. आमची माणसं गरुड मंडपाशी एकेक करून जमली. सुमन आली नाही. कर्णिकांनी घड्याळ पाहिलं. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना रंकाळा गाठायचा होता.

मी शोधत आत गेलो तर एका खांबाशी बायकांचं कोंडाळं झालेलं. मध्ये सुमन, खांबाला टेकून, मांडीवर ओटीचं ताट घेऊन बसलेली. एक बाई पदराने तिला वारा घालत होती.

"चक्कर आली जणू. कांदा हाय काय कुनाकडं?"

मी खाली वाकून पाहिलं. सुमनचा श्वास संथ चालला होता. "चक्कर नाही," मी म्हणालो. मला फार लाज वाटत होती. "झोपलीये ती."

"झोपल्यात?" त्या बाईने पदर थांबवला आणि सुमनच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मग झोपू द्या की. आईच्या घरात न्हाय झोपायचं तर कुठं झोपायचं?"

कोंडाळं पांगलं. ती बाई जाताना सुमनच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला, सुरक्षित ठेवून गेली. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने कर्णिक आले. माणूस वाईट नाही, पण सगळ्यांना सांभाळून तेही दमले होते. "वहिनींची तब्येत बरी नव्हती तर सांगायचं होतंत," ते म्हणाले. "सगळे खोळंबलेत." मी त्यांना पुढे जायला सांगितलं. सुमन उठली तेव्हा देवळात दिवे लागले होते. तिचं दर्शन झालंच नव्हतं. "उद्या येऊ," ती म्हणाली, आणि आम्ही रिक्षाने लॉजवर आलो.

रविवारी पहाटे सगळे जोतिबाला निघाले. माघातल्या रविवारी भाविक चालत डोंगर चढतात, त्याला खेटा म्हणतात. आम्ही बसने जाणार होतो. मी सुमनला उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. झोपेत तिच्या कपाळावर आठी नव्हती. खाली येऊन अक्कांना सांगितलं की, ती वर झोपलीये, जरा लक्ष ठेवा.

"ल्हान पोर हाय व्हय लक्ष ठिवायला?" अक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जावा तुमी. मी हाय."

जोतिबाचा डोंगर चढताना बसच्या दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं दिसत होती. अनवाणी, डोक्यावर टोपी किंवा पदर, कडेवर लेकरू. वर देवळाच्या पायऱ्या, भिंती, कुत्री, सगळं गुलालाने माखलेलं. खोबऱ्याच्या वाट्या आणि गुलाल एकदमच हवेत उडत होता आणि 'चांगभलं'चा गजर शिखरांवर आदळून परत येत होता. पानफुलं विकणाऱ्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "एकलंच आलासा? जोडीनं न्हाय?"

"ती दमलीये," मी म्हणालो.

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. आमच्या घरात दमणं हे अंगावर घालायच्या कपड्यासारखं झालं होतं. कुणी त्याचा उल्लेख करत नसे. म्हाताऱ्याने दोन जणांची पानं बांधून दिली. डोंगरकडेला उभा राहून मी खाली पाहिलं. लांबवर उसाचे हिरवे चौकोन, मध्येच गुऱ्हाळांचा धूर, आणि धुरकट उन्हात पंचगंगेचं वळण. पाहण्यासारखं होतं. पण मला बसायला जागा हवी होती. एका कट्ट्यावर बसून मी बराच वेळ नुसताच समोर बघत राहिलो.

परतताना कर्णिकांनी बस एका गुऱ्हाळावर थांबवली. काहिलीतला (रस आटवायच्या मोठ्या कढईतला) ऊन ऊन गूळ त्यांनी आम्हाला पानावर दिला. मी थोडा कागदात बांधून घेतला.

लॉजवर आलो तेव्हा दुपार कलली होती. अक्का म्हणाल्या, "उठल्या हुत्या मघाशी. माज्या चुलीम्होरं बसून भाकरी खाल्ली, पिठलं खाल्लं. बोलत बसल्या. मग परत झोपल्या."

"काय बोलत होती?"

"ते त्यास्नीच इचारा की," अक्का म्हणाल्या आणि रजिस्टरात मान घातली.

मी वर गेलो. सुमन जागी होती. खिडकीत बसून खालचा रस्ता बघत होती. मी गूळ दिला, तो तिने तिथेच बसून खाल्ला. मग म्हणाली, "अक्का म्हणत होत्या, गंगावेशीत समोर म्हैस पिळून दूध देतात. जाऊ या?"

दूध कट्ट्यावर (रस्त्याच्या कडेला म्हशी बांधून धारोष्ण दूध विकतात ती जागा) संध्याकाळची गर्दी जमली होती. तालमीतून आलेले पहिलवान, बाजार आटोपून आलेली माणसं, सगळे पेला हातात धरून उभे. गवळ्याने चरवी धरली, धारा वाजल्या, आणि फेसाने भरलेले दोन उंच पेले आमच्या हातात आले. दूध अंगाइतकं कोमट होतं. सुमनने पेला अर्धा केला, ओठावरचा फेस पुसला आणि म्हणाली,

"मी बंगलोरला येणार नाही."

एक पहिलवान मध्ये आला, तो जाईपर्यंत ती थांबली.

"माया नाही असं समजू नका. बाळाचं नाव काढलं की मला बरं वाटतं. पण हात उठत नाहीत माझे. आता मला कुणाचं दुपटं धुवायचं नाही, रात्री कुणासाठी उठायचं नाही. इतकं लहान असलं तरी नाही."

"नितीनला काय सांगायचं?"

"मी सांगते. तुम्ही सांगितलंत तर मध्येच मवाळ व्हाल."

कोपऱ्यावरच एसटीडी बूथ होता. ती आत गेली, मी काचेच्या बाहेर उभा राहिलो. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग ते थांबले आणि ती नुसतं ऐकत राहिली, बराच वेळ. शेवटी दार उघडून तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला. तिचे डोळे कोरडे होते.

"बाबा, आई असं काय करतेय?" नितीनचा आवाज चिरका झाला होता. "आजीचं इतकं केलं, आणि आमच्या वेळेलाच नाही? मी हिला काय सांगू?"

"आजीचं केलं म्हणूनच रे. ती दमलीये."

"मग आम्ही काय करायचं?"

"मी येतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" तो खरोखरच गोंधळला. "तुम्ही येऊन काय करणार बाबा?"

"सांगशील ते. रात्री उठेन. कपडे धुईन. बाकीचं शिकेन."

मग तो "ठीक आहे" म्हणाला, अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं, आणि फोन बंद झाला. मी बाहेर आलो तर सुमन माझ्याकडे बघत होती. बूथचं दार अर्धवट उघडंच राहिलं होतं, तिने सगळं ऐकलं होतं.

"तुम्हीही दमलाय की," ती म्हणाली.

"हो. पण तुझ्याइतका नाही."

रिक्षा न करता आम्ही चालत निघालो. वाटेत अंबाबाईचं देऊळ होतं. रांग आखूड झाली होती. सुमन दर्शन घेऊन आली आणि बाहेर येताच म्हणाली, "भूक लागली." तिखट मिसळ आणि पाव आम्ही रस्त्यावर उभ्यानेच खाल्ला. तिच्या नाकातून पाणी यायला लागलं, तरी तिने कट (वरचा लाल तर्रीदार रस) पुन्हा मागून घेतला.

सोमवारी परतीच्या प्रवासात ती जागी होती. खिडकीतून ऊस बघत होती, कऱ्हाडच्या पुलावर नदी बघितली, साताऱ्याला उतरून चहा प्यायली. मी मात्र झोपलो. कर्णिकवहिनींनी तिला विचारल्याचं अर्धवट कानावर आलं, "मग, कोल्हापुरात काय काय पाहिलंत?"

"फार काही नाही," सुमन म्हणाली. "पण बरं झालं आलो ते."

पुढच्या आठवड्यात मी एकटाच बंगलोरला गेलो. नितीन स्टेशनवर न्यायला आला, बॅग घेतली, आईचं नाव काढलं नाही. चैत्रात नात झाली. मी दुपटी धुतली, पाणी तापवलं, मालिशवाल्या बाईकडून बाळाला पायांवर कसं घ्यायचं ते शिकलो. पहिले काही दिवस सून अवघडायची. मग एका पहाटे बाळ माझ्या हातात देऊन ती निर्धास्त झोपायला गेली. नितीनचा राग सावकाश उतरला, आणि सगळा उतरला असं मी आजही म्हणणार नाही. आषाढात सुमन स्वतःहून आली, पाहुणीसारखी चार दिवस राहिली, बाळाला भरपूर घेतलं आणि परत गेली.

त्याआधी दर रविवारी तिचा फोन यायचा. पुण्यात ती काय करते ते सांगायची. गच्चीवर जाते, कर्णिकवहिनींबरोबर नाटकाला गेले होते, दुपारी वाचत पडते. एकदा तिने विचारलं, "बाळ झोपतं का?"

"दिवसा झोपतं. रात्री नाही."

"आणि तुम्ही?"

मी भिंतीला टेकून उभा होतो, खांद्यावर नात होती, पाय भरून आले होते. "मी दमलोय," मी म्हणालो.

"मग सांगा त्यांना तसं," सुमन म्हणाली. मी आत जाऊन सांगितलं. नितीन उठला आणि त्याने बाळ माझ्याकडून घेतलं.