जोडीदाराच्या पाठाचे दोष

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी मामांकडे नाशिकरोडला होतो. मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होते. आईवडील सिन्नरला विड्या वळत. आमच्या घरात पदवी म्हणजे नेमकं काय, हे मला समजावून सांगावं लागलं होतं. मी शिक्षक व्हायचं म्हणतो हे मामांना मान्य होतं, पण त्यांना खुलासा हवा होता.

"हे बघ, चौथीपर्यंतचा तो गुरुजी, हायस्कुलातला तो सर, कॉलेजातला तो प्रोफेसर. तू कोण होणार ते आत्ताच ठरव. लग्नाच्या पत्रिकेत घोळ नको."

मामी म्हणाल्या, "प्रोफेसरच होऊ द्या. गुरुजी गल्लीत चार आहेत."

माझंही मत तेच होतं. अकरावी-बारावी नुकतीच निघाली होती, एम.ए. झालेल्यांना ज्युनियर कॉलेजात जागा मिळत होत्या. बी.एड. करायचं, एखाद्या हायस्कुलात लागायचं, नोकरी करता करता एम.ए. करायचं आणि वर सरकायचं असा माझा बेत होता. शिकवणं म्हणजे मला एक जिना वाटत होता. प्राथमिक शाळा त्याची खालची पायरी.

बी.एड.ला सराव पाठांसाठी जोड्या लावल्या. एकानं वर्गावर पाठ घ्यायचा, जोडीदारानं मागच्या बाकावर बसून त्याचं निरीक्षण वहीत लिहायचं. वहीत दोन रकाने असत, गुण आणि दोष. खाली पाठ घेणाऱ्याची सही. माझ्या जोडीला पेठ तालुक्यातल्या एक बाई आल्या. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. डी.एड. करून पाड्यावरच्या शाळेत चौथीला शिकवत होत्या, बाहेरून बी.ए. झाल्या होत्या आणि बिनपगारी रजा काढून इथे आल्या होत्या. त्या प्राथमिकच्या आहेत म्हटल्यावर मला बरं वाटलं. आपल्यापुढे यांचा काय निभाव लागणार, असं मनात आलं.

माझा पहिला पाठ आठवीवर झाला, इतिहासाचा. गुंडाळफळा रंगीत खडूंनी सजवलेला, टाचणातली एकूण एक पायरी मिनिटाबरहुकूम. प्रस्तावना पाच मिनिटं, हेतुकथन, विवेचन, उपयोजन, गृहपाठ. मार्गदर्शक सरांनी 'उत्तम' असा शेरा दिला. दुसऱ्या रांगेतल्या दोन मुलांनी पूर्ण तास एकमेकांना कागदाचे बोळे मारले, ते मला दिसत होतं, पण बोळे थांबवायला टाचणात जागा नव्हती.

त्याच वर्गावर दोन दिवसांनी बाईंचा भूगोलाचा पाठ होता, नदीचे कार्य. त्या आत आल्या, खडू टेबलावर ठेवला आणि विचारलं, "गोदावरीत उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकते. सरकते की नाय?"

"सरकते बाई!"

"मग ती जाते कुठं?"

"समुद्रात."

"मालेगावला!" मागून कोणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला.

"मालेगावला जायला गोदावरीला येष्टीत बसावं लागंल," बाई म्हणाल्या. मुलं आणखी हसली. मग एक किरकोळ मुलगा उभा राहिला. कागदाचे बोळे मारणाऱ्यांपैकीच एक. म्हणाला, "नांदूरच्या धरणात जाते बाई. माझा आजा तिथलाच हाय. तो म्हणतो धरणात पाणी कमी आन् गाळच लय."

"ये इकडं. फळ्यावर काढून दाखव तुझ्या आजाचं धरण."

त्यानं काढलं. दुसऱ्यानं ते चुकलं म्हणून पुसलं. तिसऱ्यानं वळणावर वाळू आतल्या बाजूला साचते की बाहेरच्या, यावरून वाद घातला. वीस मिनिटं झाल्यावर बाईंनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात पाठाचं नाव लिहिलं. घंटा झाली तरी मुलं मधल्या सुट्टीला उठेनात.

मला तेव्हा जे वाटलं त्याला मत्सराशिवाय दुसरं नाव नाही. परीक्षेत कोणी माझ्या पुढे गेलं की मला वाईट वाटे, पण ते निराळं. तिथे अभ्यास वाढवता येतो. इथे काय वाढवायचं ते कळत नव्हतं. शिवाय आमचे सराव पाठ चालले होते त्या शाळेत जूनपासून एक जागा रिकामी होणार होती आणि मुख्याध्यापक आमच्यातूनच कोणाला तरी घेणार, असं मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं. नाशिक शहरातलं हायस्कूल. ती जागा माझीच, असं मी घरी जवळजवळ कळवून टाकलं होतं.

मी वही उघडली आणि दोषांच्या रकान्यात लिहीत गेलो. 'हेतुकथन केले नाही. पाठाचे नाव फळ्यावर उशिरा. आकृती विद्यार्थ्यांकडून काढून घेतली, ती सदोष. वर्गात गोंगाट. उपयोजनाचे प्रश्न झाले नाहीत. गृहपाठ दिला नाही.' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गुणांच्या रकान्यात लिहिलं, 'आवाज स्पष्ट.'

मार्गदर्शक सर तीन वर्गांवर फिरत होते. आमच्याकडे ते शेवटच्या पाच मिनिटांत आले, त्यांना फक्त गोंगाट दिसला. त्यांनी माझी वही मागून घेतली, वाचली आणि बाईंच्या टाचणावर लिहिलं, 'पाठ पुन्हा घ्यावा.'

सहीसाठी वही बाईंकडे गेली. त्यांनी सावकाश वाचली.

"सगळं खरं लिहिलंत, भाऊ."

मी सहीसाठी पेन पुढे केलं.

"आवाज स्पष्ट हाय म्हणता. बरंय. चौथीच्या पोरांवर ओरडून ओरडून तेवढाच कमावलाय." हसल्या आणि सही केली. माझ्या इतिहासाच्या पाठावर त्यांनी काय लिहिलंय ते न वाचताच मी सही ठोकली होती; ते आता चोरून पाहिलं. गुण सात होते, दोष एक. 'मुलांना अजून थोडं बोलू द्यावं.' तो एक दोष मला महिनाभर खुपत राहिला.

बाईंनी पुन्हा पाठ घेतला तेव्हा नेमके मुख्याध्यापक येऊन बसले. या वेळी हेतुकथन होतं, आकृती होती, गृहपाठ होता, आणि मुलं तरीही घंटेनंतर उठली नाहीत. मी निरीक्षण लिहायला बसलो. लिहिण्यासारखा दोष सापडेना, म्हणून पेनात शाई नसल्यासारखं करत राहिलो. मुख्याध्यापकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. त्यांना काय विचारलं हे मला बाहेर बसून कळत होतं.

संध्याकाळी बाई पाण्याच्या टाकीपाशी भेटल्या.

"अभिनंदन," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून काढताना मला जोर लावावा लागला.

"कशाचं? नाय म्हणून सांगितलं त्यांना. मला माझी चौथी हाय."

"हायस्कूल सोडून परत चौथी? मग बी.एड. कशाला करताय?"

"बघायला आले," त्या म्हणाल्या. "माझी पोरं चौथीनंतर पाचवीला दूर हायस्कुलात जातात. दिवाळीपर्यंत निम्मी घरी परत येतात. पुन्हा जातच नाहीत. मी म्हटलं, पाचवीत असं काय करतात, आपण एकदा बघावं. तुम्हाला कितवीला शिकवायचंय, भाऊ?"

प्रोफेसर व्हायचंय, एवढंच मला माहीत होतं. कितवीला, हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मीही नाही. त्या बाईंनी नोकरी नाकारली याचा आनंद व्हायला हवा होता. उलट जास्तच जळलो. ज्या जागेसाठी मी ती वही लिहिली, ती त्यांना नकोच होती.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. सज्जन माणूस, काही लपवलं नाही. "त्या बाई नाही म्हणाल्या. तुमचं टाचण चांगलं असतं. जूनपासून या. आठवी-नववी देतो."

आई-वडिलांना, मामांना हे ऐकायचं होतं, आणि त्यांच्या कष्टांवरच मी इथवर आलो होतो. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण मी म्हणालो, "सर, मला पाचवी द्या."

"पाचवी? अहो, पदवीधर माणूस पाचवी टाळायला माझ्याकडे वशिला आणतो."

"तरी द्या."

मला त्या वेळी पाड्यावरच्या मुलांची कणव आली होती, असं मी म्हणणार नाही. ती नंतर आली, हळूहळू. त्या दिवशी फक्त एवढंच होतं की त्या बाईंना एक गोष्ट बघायची होती आणि ती त्यांच्याआधी मला बघायची होती. घरी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "म्हणजे पत्रिकेत काय छापायचं?"

जूनमध्ये पाचवीच्या वर्गावर गेलो. बासष्ट मुलं, वेगवेगळ्या शाळांतून आलेली, निम्मी रडवेली. मी टाचण उघडलं, मग मिटलं आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीला पुस्तक देऊन वाचायला सांगितलं. ती उभी राहिली आणि वाचू लागली. कुठे अडखळणं नाही, घाई नाही. स्वल्पविरामाला थोडी, पूर्णविरामाला जास्त थांबत, जणू समोरच्याला गोष्ट सांगते आहे. रडणारी मुलं ऐकायला लागली.

"कोणी शिकवलं गं असं वाचायला?"

"आमच्या चौथीच्या बाईंनी. म्युनिसिपालटीच्या शाळेत."

ही कोणी वेगळीच बाई. मी तिला पाहिलेलं नव्हतं, पुढेही कधी पाहिलं नाही. पुन्हा तोच मत्सर वाटला. दहा महिन्यांनी ही मुलगी सहावीत जाईल तेव्हा तिथल्या शिक्षकाने विचारलं, तर ती कोणाचं नाव सांगेल?

मी तिला खाली बसायला सांगितलं नाही. "पुढचं पान वाच," म्हणालो, आणि खुर्ची सोडून मुलांमध्ये बाकावर जाऊन बसलो.