देव दानीएलरावांशी बोलायचा

रविवारची उपासना संपली आणि आमची माणसं चर्चच्या पायरीवर टेकली, की एकच वाद निघायचा. देव आजही माणसाशी बोलतो का? त्या वादानं कुणाचं भलं झालं नाही, पण किस्से मात्र इतके साचले की आता बोलले नाही तर माझंच डोकं फुटेल! मी इथल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. चिडकी म्हणून सगळ्या रत्नागिरीत प्रसिद्ध. आधी ऐका, मग मला चिडकी म्हणा.

आमच्यात दोन पक्ष होते. पाळकसाहेब म्हणत, "देवाला जे बोलायचं होतं ते पवित्र शास्त्रात बोलून झालं. आता नवीन काही यायचं नाही." आमचे उपदेशक दानीएलराव म्हणत, "माझ्याशी तर तो रोज सकाळी बोलतो!"

तिसरी राहेलबाई. केळशीकडची विधवा, मिशनची बायबलबाई. गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. ती कोणत्या पक्षात, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

*

दानीएलरावांचा देव मोठा हवापाणी बघून बोलणारा! भर उन्हाळ्यात पालीच्या बाजारात उभं राहून उपदेश करायची पाळी आली, की आदल्या दिवशी हमखास संदेश यायचा, "दानीएल, तू जाऊ नको." मग राहेलबाई जायची. डोक्यावर पदर, हातात पुस्तकांची पिशवी.

तोच देव कुणाच्या घरी लग्नाचं जेवण असलं की म्हणायचा, "दानीएल, तू स्वतः जा."

एकदा मी न राहवून म्हटलं, "दानीएलराव, देव तुमच्याशी जेवणाआधी बोलतो की नंतर?"

ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचा विश्वास कमी पडतो."

*

मिशनच्या कंपाऊंडात राहेलबाईची राहायची जागा पुढच्या अंगाची, वारा खेळणारी. एका सकाळी दानीएलराव येऊन म्हणाले, "देवानं मला दाखवलंय, ही जागा माझी."

राहेलबाई म्हणाली, "मला तो काही बोलला नाही."

"तुम्ही ऐकत नसाल!"

आणि मडमसाहेबांनी, म्हणजे मिशनच्या गोऱ्या बाईंनी, ते मान्य केलं हो! राहेलबाईचं बिऱ्हाड स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेलं. खिडकी नाही, चुलीचा धूर सगळा आत. मी मडमसाहेबांकडे भांडायला गेले, तर म्हणाल्या, "दानीएल फार प्रार्थना करतो." जशी राहेलबाई पत्तेच खेळत बसायची!

मग मिरगात पुढच्या जागेचं छप्पर गळायला लागलं. दानीएलरावांच्या अंथरुणाचा चिखल झाला. ते कावलेले, तक्रार घेऊन मडमसाहेबांकडे निघालेले. राहेलबाई दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गळतीचं तेवढं बोलला नाही वाटतं तो?"

*

आमच्या शाळेत एस्तेर नावाची तरुण शिक्षिका होती. हुशार, गोड गळ्याची. दानीएलरावांचा एक पुतण्या होता, त्याचं कुठे जमत नव्हतं. जमणार कसं? दिवसभर बंदरावर आगबोटीची वाट बघत उभा, आणि ना कुणी येणारं, ना हा कुठे जाणारा!

दानीएलरावांनी भर प्रार्थनासभेत उठून सांगितलं, "प्रभूनं मला एस्तेर आणि माझा पुतण्या एकत्र दाखवले."

एस्तेर उठली. "मलाही काल देव बोलला. म्हणाला, नको."

दानीएलराव लाल झाले. "देव बायकांशी नवऱ्यामार्फत बोलतो!"

"मग नवरा मिळेपर्यंत तो गप्पच असतो का?"

मागच्या बाकावर बायका पदरात तोंड लपवून हसल्या. पण पुढचं ऐका. पाळकसाहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावून झापलं ते एस्तेरला! देवाच्या नावानं थट्टा केली म्हणून. दानीएलरावांना एक शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते वडील माणूस आहेत." म्हणजे वय झालं की देवाच्या नावानं काहीही खपतं!

*

पण पाळकसाहेबही काही कमी नव्हते. 'देवाचं बोलणं आता संपलं' यावर त्यांनी आम्हाला रविवारमागून रविवार बसवून ठेवलं. आणि एके दिवशी भरल्या गळ्यानं जाहीर केलं, "मला देवाचं पाचारण झालंय. मुंबईच्या मंडळीत."

मुंबईची मंडळी म्हणजे मोठं चर्च, बंगला, घरात विजेचे दिवे!

राहेलबाईनं साधेपणानं विचारलं, "पाचारण कसं झालं, साहेब?"

"पत्र आलं."

"असं होय," ती म्हणाली. "बोलणं बंद असलं तरी टपाल चालू आहे म्हणायचं!"

*

आता शेवटचा किस्सा, पाळकसाहेब मुंबईला जाण्याच्या आधीचा.

आमच्या मंडळीतल्या मार्थाची लेक तापानं फणफणली. नवरा मुंबईला गिरणीत, घरात ही एकटी. दानीएलराव जाऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देव मला बोललाय. ही बरी होईल. डॉक्टरकडे नेलंत तर तो अविश्वास ठरेल." मार्था बिचारी घाबरून गेली. पोरीला झटके यायला लागले तरी ती उंबऱ्यातून हलेना.

भर दुपारी राहेलबाई त्या घरी आली. दानीएलराव दार अडवून उभे होते. तिनं त्यांना बाजूला सारलं, पोरीला खांद्यावर टाकलं आणि तशीच घाटी चढून सरकारी दवाखान्यात नेलं. मार्था रडत मागून. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

पोर वाचली. दानीएलराव रविवारी म्हणाले, "बघा, मी सांगितलं होतं, बरी होईल!"

आणि मंडळीच्या पंचांनी कुणाला बोलावलं? राहेलबाईला! उपदेशकाला धक्का मारला, देवाच्या सेवकाचा अपमान केला. तिला कामावरून काढायचं, हे आधीच ठरलं होतं. तरी रीत म्हणून विचारलं. मी दारात उभी, माझ्या अंगाची नुसती आग होत होती.

पाळकसाहेब म्हणाले, "हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"देवानं."

दानीएलराव ताडकन उठले. "खोटं! तो माझ्याशी बोलला होता!"

पाळकसाहेबांनी त्यांना बसवलं. "काय म्हणाला देव तुम्हाला, राहेलबाई?"

"म्हणाला, ऊठ गो, पोरीला उचल. मी म्हटलं, देवा, पंच मला कामावरून काढतील."

"मग?"

"तो म्हणाला, काढतील. तू ऊठ."