पणजोबांची मोडीतली वही
कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला कुवेतच्या विमानतळावरचं कस्टमचं टेबल आठवतं. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळातले वकील. कौन्सिलात निवडून गेले आणि एका जाहीर भाषणापायी तुरुंगात पोचले. तिथे त्यांनी मोडीत लिहिलेली, डांबरगोळ्यांच्या वासाची वही मी घरच्या कपाटातून काढून, सुट्टीवरून कुवेतला परतताना बॅगेत घालून आणली होती. अधिकाऱ्याने पानं उलटली आणि त्याचा चेहराच बदलला. "सिहर?" त्याने विचारलं. शेजारी उभा असलेला रत्नागिरीचा दुभाषा हळूच म्हणाला, "जादूटोणा आहे का, विचारतायत. वाचून दाखवा भाऊ, नायतर वही जाईल नि तुम्हीपण अडकाल." मला मोडी येत नव्हती. मनाचंच काहीतरी वाचावं असं क्षणभर वाटलं, पण जीभ रेटेना. "मला वाचता येत नाही," मी म्हणालो. "ही माझ्या पणजोबांची वही. ते मिठागरातल्या मजुरांचे खटले फुकट लढले. इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, तिथे हे लिहिलं." दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने वही मिटली. मग ती माझ्यापुढे सरकवून काहीतरी बोलला. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणतायत, माणूस तुरुंगात बसून लिहितो आणि त्याच्या घरच्यांना वाचता येत नाही?" मान खाली घालून मी बाहेर पडलो. पुढे मीना अल-अहमदी या तेलबंदरातली नोकरी सांभाळत मी मोडी शिकलो. पहिलं पान लागलं तेव्हा कळलं, पणजोबांनी लिहिलं होतं: उद्या माफीनामा पुढे ठेवतील, सही करणार नाही, पण फार भीती वाटते.