पट्ट्यांचा झोपाळा

बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच बॅग होती. तिची चेन कधीच मोडली होती, म्हणून ती सुताच्या जाड पांढऱ्या दोरीनं करकचून बांधलेली असायची. दोरी त्यांनीच वळलेली. सगळं आयुष्य त्यांनी अमरावतीकडच्या एका सूतगिरणीत काढलं. गिरणी बंद पडली, पुढे आई गेली, आणि मी त्यांना वाघोलीला घेऊन आले. खरं सांगायचं तर 'चार दिवस चला' असं म्हणून आणलं, आणि ते चार दिवसांसाठीच आले. बॅग दाराजवळ ठेवली. रोज सकाळी दोरी सोडायची, एक सदरा काढायचा, परत गाठ मारायची. असे चार महिने गेले. कपाटाचा एक कप्पा मी त्यांच्यासाठी रिकामा केला होता. त्यात ते छत्री ठेवायचे.

मी तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हे काम. ते मी जन्मापासून फुकट करत होते, आता पगार मिळतो एवढंच, असं माझ्या मैत्रिणी म्हणत. घर शहराच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की अर्धवट झोप लागायची. नदी, पूल, चौक, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या, सगळं डोळ्यांसमोरून सावकाश वाहत जायचं. त्या झोपेत मला नेहमी एकच गोष्ट दिसायची. मी घरी पोचले आहे, दाराजवळची जागा मोकळी आहे, आणि फरशीवर बॅगेच्या आकाराचा धुळीचा चौकोन उरला आहे. दचकून जागी व्हायचे. बाबा एक दिवस असेच निघून जातील, ही धास्ती मला होती, आणि ती मी त्यांना कधी बोलून दाखवली नव्हती.

अशात ऑफिसमधली एक जण कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला निघाली. तिचं घर वाटलं जात होतं. कुणी मिक्सर नेला, कुणी गादी. मी तिचा कॉकाटील, म्हणजे एक छोटा पोपट, पिंजऱ्यासकट मागून घेतला. राखाडी पक्षी, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी ठिपका. बाबांना दिवसभर सोबत होईल, हा माझा हिशोब.

बाबांनी पिंजरा पाहिला आणि तोंड फिरवलं. "पाखराले कोंडून ठेवत असतेत का व?" एवढंच म्हणाले. पण पंधरा दिवसांनी मी लवकर घरी आले तेव्हा जिन्यातूनच मला त्यांचा आवाज ऐकू आला. गिरणीतल्या कुठल्या तरी साहेबाची गोष्ट ते पक्ष्याला रंगवून सांगत होते. माझ्याशी इतकं सलग ते आईच्या तेराव्यानंतर बोलले नव्हते. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि गोष्ट संपेपर्यंत वर गेले नाही.

पावसाळा संपला आणि पक्ष्यानं छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी एखादं, मग मूठमूठ. खालून गुलाबी कातडं दिसायला लागलं. बाबांचं जेवण कमी झालं. आम्ही पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पेठेतला दवाखाना, बाईंचा स्वभावही पेठेतला. त्यांनी पक्षी उलटासुलटा करून पाहिला.

"आजार काही नाही. याला काम नाही. रानात असता तर दिवसभर खाणं शोधलं असतं, साली सोलल्या असत्या. इथं वाटी भरलेली, आता करणार काय? स्वतःलाच सोलतो. खेळणी द्या. आणि दुकानात दिसतंय ते सगळं उचलू नका, पक्षी खेळण्यानं मरत नाही, मालकाच्या हौसेनं मरतो."

परत येताना रिक्षात बाबा पिंजऱ्याच्या जाळीतून पक्ष्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "गिरणी बंद झाली तवा आमच्यातलेही लय जण असेच झाले होते." मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.

खेळण्यांचं मात्र मी मनावर घेतलं. बुधवार पेठेच्या पुढे एक दुकान सापडलं. तिथल्या प्रत्येक खेळण्यावर मी प्रश्न विचारले. घुंगराचा लोलक निघतो का? रंग चाटला तर? या साखळीच्या कडीत नखी अडकेल का? आरशानं पक्षी खुळावतो म्हणतात, खरं का? दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "ताई, पक्ष्याला खेळायचंय की परीक्षेला बसायचंय?" मी काहीही न घेता घरी आले आणि ठरवलं, आपणच करू.

घरी माझ्याजवळ एक वस्तू भरपूर होती. त्या दिवसांत दर दीड वर्षानं कंपनी बदलायची रीत होती. सोडताना ओळखपत्र परत घेत, गळ्यातला पट्टा कुणी मागत नसे. माझे तीन, मैत्रिणींचे आठ-दहा. निळे, नारिंगी, पोपटी. त्यांची मी वेणी घातली आणि मधे नारळाची करवंटी बांधून झोपाळा केला. पोलादी आकडे काढून टाकले, कारण धातू पक्ष्याच्या पोटात गेलेला चालत नाही, हे मला माहीत होतं. मग चाचणी. झोपाळ्याला पाण्यानं भरलेली बाटली लटकवली, दोन दिवस तशीच ठेवली. एकही पट्टा तुटला नाही. मी खूश. मोठमोठ्या बँकांची सॉफ्टवेअरं तपासणारी बाई, पाखराचा झोपाळा कसा चुकेल?

बाबांनी एक पट्टा अंगठ्यात आणि बोटात धरून चोळला. तोंड उघडलं. मग मिटलं. "छान हाय," म्हणाले.

पक्ष्याला झोपाळा फारच आवडला. तासन्‌तास पट्ट्यांच्या कडा कुरतडायचा, करवंटीत बसून डुलायचा. पिसं उपटणं थांबलं. छातीवर राखाडी लव आली. बाबा दुपारी खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढून बसत, आणि बाहेरच्या उरल्यासुरल्या शेतांवरून येणाऱ्या वाऱ्यात दोघंही पेंगत. माझ्या आठवणीतले ते सगळ्यात सुखाचे आठवडे आहेत. बॅग दाराजवळच होती, पण मला ती दिसेनाशी झाली होती.

एका रविवारी दुपारी मी आडवी झाले होते. झोपेत फडफड ऐकू आली. बाल्कनीतली चादर वाऱ्यानं उडते आहे, असं वाटलं. मग त्या चादरीचं स्वप्नच पडलं, मी लहान आहे, आई अंगणात चादर झटकते आहे, आणि किती ऊन आहे. फडफड वाढली तसं ऊनही वाढत गेलं. मला उठावंसं वाटेना. बाबांच्या हाकेनं जाग आली.

"कैची आण व, बारीकवाली."

कुरतडलेल्या पट्ट्यांमधून केसासारखे नायलॉनचे धागे निघाले होते. ते पक्ष्याच्या बोटाभोवती गुंडाळले गेले होते, आणि तो एका पायावर उलटा लोंबकळून पंख आपटत होता. बाबांनी त्याला उपरण्यात धरलं.  ओल्या, पीळ पडलेल्या धाग्यांतून त्यांनी एकेक टोक शोधलं आणि कापलं. पण बोट काळंनिळं पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रविवारचा दवाखाना उघडला, आणि बोटाचं शेवटचं पेर काढावं लागलं.

मी त्यांना बाटलीच्या चाचणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तुटत नाही हे तपासलंत. पाय अडकला तर तुटतंय का, हे तपासायचं होतं." मग पट्टी बांधता बांधता सांगितलं की आता कडुनिंबाच्या काड्या, मक्याचं कणीस असलं काही द्या. दोरी दिलीत तर सुताची, जाड, आखूड. आणि रोज सकाळी सुटलेले धागे कापायचे. "घरी कोण असतं दिवसभर?"

"बाबा असतात," मी म्हणाले.

"मी उद्या संध्याकाळच्या गाडीनं जातो," बाबा म्हणाले.

सकाळी ते बॅग बांधत होते. मी ऑफिसचे कपडे घालून त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, तुम्ही पट्टा चोळून पाहिला होता. तुम्हाला कळलं होतं ना?"

त्यांनी गाठ ओढली. "सूत तुटते, म्हणून गिरणीत माणसाचे बोटं वाचतेत. नायलॉन कापते. एवढं त मले कळते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुहं घर हाय, माय. तू शिकली-सवरली. मी पावना माणूस, काय बोलू? न बोलल्यानं पाखराचं बोट गेलं. आता इथं बसून काय त्याचं तोंड पाहू?"

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. "आईला टोकल्याशिवाय तुमचा एक दिवस गेला नाही. भाजीत मीठ, दाराला कडी, सगळ्यात टोकलंत. मला का नाही टोकत? मला तुम्ही हवे आहात, टोकणारे. गप्प बसणारे नकोत." खाली बसचा हॉर्न वाजला. मी तशीच उतरले.

तो दिवस कसा गेला मला आठवत नाही. परतीच्या बसमध्ये मला झोप आली नाही, तरी धुळीचा तो चौकोन डोळे उघडे असताना दिसत राहिला. नदी, पूल, चौक मागे पडत होते. बस कधी पोचूच नये असं वाटत होतं.

दार उघडलं. दाराजवळची जागा मोकळी होती.

मग करवंटीवर चोच घासल्याचा आवाज आला. पिंजऱ्यात झोपाळा टांगलेला होता. पट्टी बांधलेला पाय पोटाशी धरून, दुसऱ्या पायावर बसून पक्षी डुलत होता. झोपाळ्याची दोरी जाड, पांढरी, आखूड तोडलेली होती, आणि तिच्या गाठी मी गेले कित्येक महिने रोज पाहत होते.

बाबा आतल्या खोलीत कपाटापुढे उभे होते. दोरी नसलेली बॅग पलंगावर पसरली होती, रिकामी.

"ही छत्री दुसरीकडं ठेव व," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "सदरे चुरगळून राहिले. आन् त्या भाजीत कालपासून मीठ नाही."