आतोबांचा मुलूख

आमच्या आतोबांइतका न्यायी माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर आता तसा दुसरा पाहायची ताकदही माझ्यात उरलेली नाही. न्यायी माणूस लांबून बघायला फार चांगला असतो. तो नात्यातला निघाला आणि त्यातून आपल्याशी खेळ मांडून बसला, की जीव मेटाकुटीला येतो. माझा सात वर्षं आला. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सांगलीला सरकारी खात्यात आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेले. अंगाने काटक, चष्म्याच्या काचा जाड, बोलणं बेताचं. भाजीवालीने तराजू जरा त्यांच्या बाजूला झुकवला, तर जास्तीचं वांगं परत देऊन यायचे. त्यांच्या घरी जेवायला बसलं की सगळ्यांच्या पानातल्या लाडवांवर त्यांची एक नजर फिरायची, आणि ती फिरून संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा आत्याचा दंडक होता.

बाहत्तर सालच्या आसपास ते सायकलवरून पडले आणि मिरजेच्या एका इस्पितळात पायाला वजन बांधून तीन महिने पडून राहिले. त्याच खोलीत आणखी तिघे होते. एक सांगलीचे हळदीचे व्यापारी, एक साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार आणि एक मेढ्याचे हेडमास्तर. चौघांचेही पाय टांगलेले, आणि चौघांच्याही गप्पा पहिल्या आठ दिवसांत संपलेल्या. तेव्हा आतोबांनी एक कोरा कागद मागवून त्यावर मुलूख काढला. पाच गड, एक नदी, दोन घाट, एक दलदल. प्रत्येकाला एक गड दिला. आपल्या गडाचा राजा आज काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं आणि त्याचं पुढे काय झालं ते आतोबांनी सांगायचं, एवढाच खेळ. त्यांनी स्वतःला गड घेतला नाही. जो निवाडा देतो त्याने खेळायचं नाही, हा पहिला नियम. उरलेले दोन गड, त्या दिवशी डबा घेऊन गेलेल्या माझ्या आणि माझ्या आष्ट्याच्या काकांच्या गळ्यात पडले. मुलखाला नाव मात्र त्यांनी ठेवू दिलं नाही. "नाव ठेवलं की कोन तरी म्हननार, ह्यो आमच्याकडचा हाय," ते म्हणाले. पुढे सगळ्यांचे पाय जुळले, जो तो आपापल्या गावी गेला, आणि हे प्रकरण इस्पितळातच संपेल अशी माझी भाबडी समजूत होती. पंधरा दिवसांनी मला साताऱ्याला पोस्टकार्ड आलं. "तुमचा गड सुखरूप आहे. धान्य दोन महिन्यांचे. पुढील डाव पौर्णिमेच्या आत टाकावा."

तेव्हापासून दर पंधरवड्याला, पौर्णिमेला आणि अमावास्येला, आम्ही पाचजण आपला डाव कार्डावर लिहून सांगलीला पाठवायचो आणि चार दिवसांनी प्रत्येकाला त्याच्या मुलखाची हकीकत यायची. कुणाचा काय डाव होता ते दुसऱ्याला कळायचं नाही. लढाई झाली, पूर आला, फितुरी झाली, की निकाल कवड्यांवर. सहा कवड्या, आणि उताण्या किती पडल्या त्यावर सगळं. या कवड्या आतोबांनी स्वतः कधी टाकल्या नाहीत. हाताला मन असतं, असं ते म्हणायचे. कवड्या आत्याने टाकायच्या, आणि त्या कुणासाठी टाकतोय हे तिला आधी सांगायचं नाही. ती बिचारी कणीक मळता मळता हात पुसून यायची, कवड्या फेकायची आणि परत कणकेकडे जायची. एकदा तिने अशाच फेकल्या आणि सहाच्या सहा पालथ्या पडल्या. चार दिवसांनी आष्ट्याहून काका तणतणत आले, की माझी सगळी फौज नदीत बुडवली. आपल्याच हाताने आपला सख्खा धाकटा भाऊ बुडवला हे कळल्यावर आत्याने आठ दिवस आतोबांना नुसतं पिठलं घातलं. आतोबांनी ते मुकाट्याने खाल्लं. आठव्या दिवशी एवढंच म्हणाले, "पिठल्यानं कवड्या उलट्या हुत न्हाईत."

डाव वेळेत आला की नाही हे ते पोस्टाच्या शिक्क्यावरून ठरवायचे. कार्ड पोचायला उशीर झाला तर चालेल, शिक्का मात्र पौर्णिमेचा पाहिजे. शिक्का पुसट असला तर भिंग लावायचे, भिंगानेही जमलं नाही तर सायकल काढून थेट पोस्टात जायचे आणि तिथल्या माणसाला हा चौदा आहे की पंधरा ते विचारायचे. तिथली मंडळी त्यांना लांबून पाहूनच भिंतीवरच्या कॅलेंडराकडे वळायची. सुभेदारांचं कार्ड एकदा एक दिवस उशिराचं निघालं आणि त्यांची फौज पंधरा दिवस घाटात बसून राहिली. सुभेदार एसटीने सांगलीला आले. ताठ बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "फौजेत असं चालत न्हाई."

"मग फौजेत उशिरा पोचलेल्या हुकमाचं काय हुतं?" आतोबांनी विचारलं.

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "मानसं जात्यात," ते म्हणाले.

"मी तर तुमची नुसती बसवून ठिवली की वो."

यावर सुभेदारांनी उठून त्यांचा हात हातात घेतला आणि पुढे कधी तक्रार केली नाही. असा तो माणूस होता. त्याच्याशी भांडायला गेलेला माणूस त्याचा चाहता होऊन परतायचा आणि घरी पोचल्यावर आपण नक्की कशासाठी गेलो होतो ते त्याला आठवायचं नाही.

नुसत्या न्यायावर खेळ टिकत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. कोर्टात न्याय असतो, पण तिथे हौसेने कोण जातं, असं ते विचारायचे. प्रत्येकाला काय गोड लागतं ते त्यांनी हेरून ठेवलं होतं. हळदीचे व्यापारी धर्माने जैन, त्यांना लढाई नकोच असायची, म्हणून त्यांच्या वाटेला तांडे, घाटावरचे जकातीचे वाद आणि शेजारच्या गडावरचा दुष्काळ यायचा. हेडमास्तरांना कायदे करायची हौस, तर त्यांच्याकडे भांडखोर गावकरी पाठवायचे. हेडमास्तरांची कार्डं मुंगीएवढ्या अक्षरात, पत्त्याच्या जागेपर्यंत भरलेली असायची. जर पाऊस झाला तर अमुक, न झाला तर तमुक, झाला पण उशिरा झाला तर वेगळंच. आतोबा ती दोन दोन दिवस वाचायचे. जास्त लक्ष मात्र ते हरणाऱ्याकडे द्यायचे. "जिंकनारा आपला आपन खेळतोय गड्या. हरनाऱ्याला धरून ठिवाय लागतं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि हे वाक्य माझ्याच मुळावर येणार आहे हे तेव्हा मला समजलं नाही.

कारण चार-पाच वर्षांत मी कंटाळलो होतो. माझं लग्न झालं होतं, दोन मुलं झाली होती, कचेरीत फायलींचा ढीग होता, आणि दर पंधरा दिवसांनी मला गडावर पोती किती चढवायची आणि बुरुजावर माणसं किती ठेवायची याचा विचार करायला बसावं लागायचं. आमची बायको म्हणायची, "तिकडची रयत सुखी हाय, बरं हाय. हितलं रॉकेल संपलंय." मला खेळ सोडायचा होता, पण सोडतो म्हणवत नव्हतं. आत्याला मूलबाळ नाही, आतोबांना दुसरा नाद नाही. सांगलीच्या त्या दोन खोल्यांत हा माणूस भिंतीवर मुलूख टांगून माझ्या कार्डाची वाट बघतोय हे डोळ्यांसमोर यायचं आणि मी निमूटपणे पोस्टाकडे वळायचो. हा खेळ त्यांचा जीव होता आणि तो माझ्या हातून तुटायला नको होता.

म्हणून मी मरायचं ठरवलं. म्हणजे खेळात. गडाचे दरवाजे सताड उघडे ठेवले. तर आत्याच्या पाच कवड्या उताण्या पडल्या, आणि शत्रूला हा सापळा वाटून तो परत गेला. आतोबांनी कार्डाच्या कडेला "धाडसी डाव" असं लिहून पाठवलं. मी सगळी फौज दलदलीत घातली, तर पलीकडे तिला कोरडी वाट सापडली. सरळमार्गाने हरणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी एका अमावास्येला मेढ्याच्या हेडमास्तरांनी माझा गड घेतला. मी त्या दिवशी घरी जिलबी नेली. पुढच्या कार्डात आतोबांनी लिहिलं होतं, "गड गेला, आपण वाचलात. सोबत तीनशे माणसे रानात आहेत. ती आपल्या तोंडाकडे बघत आहेत." हरला म्हणून कुणाला घरी पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम मी विसरलो होतो. त्या तीनशे माणसांना घेऊन मी आणखी वर्षभर रानात फिरलो.

अशातच साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मला हेडमास्तर भेटले. पाय किंचित ओढत मेढ्याच्या गाडीकडे चालले होते. मी नमस्कार केला आणि म्हणालो, "गड घेतलात आमचा, आता जरा नीट सांभाळा."

"कसला गड?" ते म्हणाले. "अहो, तो खेळ सोडून मला दोन वर्षं झाली. डोळ्यांना झेपेना. तसं मी आतोबांना रीतसर कळवलं होतं. व्यापारी तर माझ्याही आधी सुटले, आणि सुभेदार गेलेच, तुम्हाला नाही कळलं?"

मला कळलं नव्हतं. घरी येऊन काकांना आष्ट्याला पत्र टाकलं, तर त्यांचं उत्तर आलं, की मीही केव्हाच सोडलं, तुझं अजून चालू आहे काय. मला संताप आला. दमलो होतो त्यापेक्षा जास्त संताप आला. म्हणजे दोन वर्षं चारही गड आतोबाच खेळत होते, निवाडाही तेच देत होते, आणि माझा गड त्यांनीच घेतला होता. ज्या माणसाने वांगं परत केलं त्याने हे करावं? पुढच्याच रविवारी मी सांगलीची गाडी धरली.

आतोबा भिंतीवरच्या मुलखासमोर बसले होते. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "आतोबा, माझा गड कुनी घेतला?"

त्यांना लगेच समजलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, "गड सरळ गेलाय. हिला इचार."

मग आत्याने सांगितलं. माझं कार्ड आलं की आतोबा ते न वाचता, पालथंच तिच्या हातात द्यायचे. ती ते तांदळाच्या डब्यात टाकायची. मग ते दोन दिवस बसून चौघांचे डाव चार कार्डांवर लिहायचे. हेडमास्तरांचे हेडमास्तरांसारखे, सुभेदारांचे सुभेदारांसारखे. ती कार्डं आत्याकडे दिली की मगच डब्यातून माझं कार्ड बाहेर यायचं. माझा डाव आपल्याला आधी कळू नये म्हणून हा माणूस दोन वर्षं स्वतःपासून लपत होता. आत्या म्हणाली, "एकदा तुजं कार्ड तांदळात खाली गेलं ते घावंना. सगळा डबा परातीत ओतला, तर हे तोंड फिरवून हुबं. चुकून वाचायला नगं म्हनून."

मला पुढे रागावता येईना. मी विचारलं, "पन मग थांबवलं का न्हाई? चौघं गेल्यावर?"

"तू खेळत हुतास की," आतोबा म्हणाले. "इतक्या मन लावून. दरवाजं उघडं टाकलंस, दलदलीत घुसलास. मनलं, पोराला गोडी लागलीया, आपन कशाला मोडता घालायचा. मला तर लय जड जातंय रं. चार चार मानसांची डोकी चालवायची, हात कापतोय आता."

"मी तुमच्यासाठी खेळत हुतो," मी म्हणालो.

आत्या दाराशी उभी होती, तिने कपाळाला हात लावला. "आनि मी तुमा दोघांसाठी कवड्या टाकतीया," ती म्हणाली. "कंबर धरलीया वाकून वाकून."

त्यावर आम्ही तिघेही हसलो, पण फार वेळ नाही. खेळ थांबवायचा हे कुणी वेगळं बोललं नाही. आतोबांनी खुर्चीवर चढून नकाशाच्या टाचण्या काढल्या, मी खालून कागद धरला. त्यांनी तो घडी घालून मलाच दिला. जेवलो, दुपारी मला सोडायला ते स्टँडपर्यंत चालत आले. वाटेत त्यांनी विचारलं, "तुजं कसं काय चाललंय?" सात वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. "बरं चाललंय," मी म्हणालो. गाडी येईपर्यंत आम्ही दोघे समोरच्या रसवंतीकडे बघत उभे राहिलो.

पुढे आमची पत्रं कमी झाली. खुशाली कळवायची म्हणजे दोन ओळी. इकडे सर्व ठीक, तिकडील कळवावे. दिवाळीला एक, संक्रांतीला एक. मला पंधरवडे मोकळे मिळाले, घरात रॉकेल वेळेवर यायला लागलं, आणि त्याने मी सुखी झालो असं मात्र मला सांगता येणार नाही. तीन वर्षांनी आतोबा गेले. आत्या म्हणाली, शेवटी शेवटी दुपारचे नुसते बसून असायचे, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी न्याय द्यावा असं कुणी उरलं नव्हतं. आम्ही दोघेही दमलो होतो हे खरं, आणि एकमेकांसाठी दमत होतो हेही खरं. तरी कधी मेढ्याची गाडी लागलेली दिसली की वाटतं, त्या दिवशी मी हेडमास्तरांना पाहिलं न पाहिलंसं करून निघून गेलो असतो तर बरं झालं असतं. ती तीनशे माणसं आणखी थोडी वर्षं रानात राहिली असती, दुसरं काय.